दुसऱ्या बेसवरचा सहस्रबुद्धे

मुक्ताने बोट वर केलं आणि चेरीवूडची अख्खी टीम तिच्याकडे अशी बघायला लागली, जशी भर मांडवात भटजींनी पोथी मिटल्यावर वऱ्हाडी बघतील.

खरं तर ती अंपायर नव्हतीच. डब्लिनच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सामन्यात अंपायर म्हणजे गुरुनाथकाका, हे ठरलेलं. पण ल्यूकनच्या त्या मैदानाच्या कडेला वड्यांचं तेल तापलं होतं, आणि तेल तापलं की काकांना कुणी अडवू शकत नसे. "शेवटची ओव्हर आहे पोरी, नुसती उभी राहा," म्हणत त्यांनी आपली पांढरी हॅट तिच्या डोक्यावर ठेवली आणि ते कढईकडे धावले. हॅट तिच्या भुवयांपर्यंत आली.

शेवटचा चेंडू. बरोबरी करायला एक रन. आणि स्ट्राइकवर एक नवा माणूस, चेरीवूडच्या विशालने त्याच्या ऑफिसातून पकडून आणलेला. उंची मध्यम, खांदे रुंद, आणि बॅट खांद्यामागे अशी उगारलेली, जणू दारात चोर आलाय. चेंडू आला. त्याने तो मारलाही बरा. पण मग त्या मैदानावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं असं काहीतरी घडलं. त्याने बॅट टाकून दिली. सरळ गवतावर टाकली आणि मोकळ्या हातांनी धावत सुटला—मुक्ताच्याच दिशेने, वाऱ्यासारखा.

चेंडू थेट स्टंपांवर येऊन आदळला तेव्हा त्याचा बूट रेषेपासून वीतभर मागे होता. हातात बॅट असती तर ती कधीच टेकली असती.

"अरे, बॅट कुठाय तुझी?" लांबून विशाल ओरडला.

त्या माणसाने मागे वळून पाहिलं. "तिथे पडलीये," तो शांतपणे म्हणाला. "मारून झाल्यावर तिचं काय काम?"

ल्यूकनवाले हसून गवतावर लोळायचे तेवढे बाकी राहिले. विशाल कपाळ धरून खाली बसला. आणि तो नवा माणूस हॅटखालचे डोळे शोधत किंचित वाकला.

"आपण मला आऊट दिलंत."

"आपण आऊट होतात," मुक्ता म्हणाली.

"खचित?"

मुक्ताला हसू आवरेना. खचित? असं कोण बोलतं? नागपूरला तिच्या आजोबांचे मित्र बोलायचे, तेही रागावले की.

"खचित," ती म्हणाली. "त्रिवार."

मग पाऊस आला. तिथला पाऊस पडत नाही, नुसता हवेत थांबून राहतो. माणूसच त्याच्यातून चालत जातो आणि भिजतो. सगळे तंबूखाली गोळा झाले. काकांनी गरम वडे कागदी बशीत घालून पुढे केले, आणि त्या गर्दीत तो माणूस नेमका तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सलील सहस्रबुद्धे," तो म्हणाला. "तुमचं मैदान नासवणारा."

"मुक्ता. तुमची मॅच घालवणारी." तिने हॅट काढून पिळली. "तुमचं मराठी फार जुनं आहे हो. कुठून आणलंत?"

"आजीकडून. आई-बाबा कामावर, मी आजीजवळ. न्यू जर्सीत वाढलो, पण आमच्या स्वयंपाकघरात अजून आजीचं वाई गावच होतं." तो वड्यावर फुंकर मारत होता. "पहिली सहा वर्षं मला वाटायचं, अमेरिकेत सगळेच 'अगंबाई' म्हणतात."

"आणि क्रिकेट? ते आजीने नाही शिकवलं?"

"मी बेसबॉलवाला. तिथे बॅट टाकूनच पळतात. घेऊन पळालं तर हसतात." मग जरा थांबून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसा म्हणाला, "सात सीझन पोटासाठी खेळलो. सेकंड बेसवर."

मुक्ताला त्यातलं काही कळलं नाही. पण 'पोटासाठी' म्हणताना त्याचा डावा हात आपोआप गुडघ्यावर गेला, एवढं मात्र तिने पाहिलं.

*

"मी आपल्या खेळात हसं करून घेतलं. आता आपण माझ्या खेळात या—फिट्टंफाट," असा त्याचा मेसेज आला, आणि बुधवारी संध्याकाळी मुक्ता खरंच गेली. कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कारखान्यात तिच्या बारा-बारा तासांच्या शिफ्टा. तीन दिवस डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये, फक्त डोळे उघडे. मग चार दिवस मोकळे. त्या मोकळ्या दिवसांत ती एरवी झोपायची, नाहीतर यामिनीताईच्या मागे लागून धुण्याच्या घड्या करायची. यामिनीताई तिची मामेबहीण. तिच्याच घरातल्या छोट्या खोलीत मुक्ता राहत होती.

पश्चिम डब्लिनच्या एका पार्कात, झाडांच्या आड, बेसबॉलचं मैदान होतं. तिथे सलील हौशी पोरांच्या टीमकडून खेळायचा. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शिक्षक, कुणी नर्स. त्यांच्यातला डेक्लन हा तांबड्या दाढीचा इलेक्ट्रिशियन तिला बघून म्हणाला, "सो तू ती अंपायर. युअर मॅन दोन आठवडे तुझ्याबद्दलच बोलतोय." तिकडे कुठल्याही गड्याला 'युअर मॅन' म्हणतात, आणि बाईला 'युअर वन'.

"डेक्लन अतिशयोक्ती करतो," सलील मराठीत म्हणाला. कान मात्र लाल.

त्यांनी तिच्या हातात ती गोल बॅट दिली. दोन चेंडू हुकले. तिसरा तिने शाळेतल्या गल्ली क्रिकेटची सगळी पुण्याई पणाला लावून हाणला, आणि पळाली. सगळे ओरडत होते, "ड्रॉप इट, ड्रॉप इट." तिला वाटलं, चेंडू हातातून सुटला बहुतेक त्यांच्या. ती आणखी जोरात पळाली, पहिल्या बेसजवळ आली, खाली वाकली आणि लांबूनच बॅट पुढे सरकवून त्या पांढऱ्या उशीला टेकवली.

सगळे जागच्या जागी थांबले. मग डेक्लन म्हणाला, "युअर वन ती बॅट घरी घेऊन चाललीय का?"

सगळ्यात जास्त हसला तो सलील. हसता हसता खाली बसला. मुक्ता कमरेवर हात ठेवून, बॅट तशीच धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"फिट्टंफाट," ती म्हणाली.

"पूर्ण," तो म्हणाला. आणि मग—डोळे पुसत—"तुम्ही नेहमी सगळं सोबत घेऊनच पळता?"

"हो. मागे काही ठेवायचं नाही, असं शिकवलंय आम्हाला."

त्याचा हात पुन्हा गुडघ्यावर गेला. तिच्या ते लक्षात आलं. पण तेव्हा तिने विचारलं नाही.

*

ते त्याने सांगितलं एका रविवारी, यामिनीताईच्या स्वयंपाकघरात. ताई पोहे करत होती, मुक्ताने प्रेसमधून—कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात, आणि दोन वर्षांत ताईच्या घरातली कपाटंही प्रेस झाली होती—मसाल्याचा डबा काढला. सलीलने त्यातल्या चार वाट्या टेबलावर चौकोनात मांडल्या. पोहे मोहरी-हळदीवाचून खोळंबले. ताईने भुवई उंचावली. अजून त्याला जावयाचा मान नव्हता, पण पुढेही नसेलच असं नव्हतं.

"ही हळद म्हणजे फर्स्ट बेस. ही मोहरी सेकंड बेस. इथे मी," तो म्हणाला. "समजा, एक रनर हळदीवर उभा आहे. चेंडू जमिनीवरून गेला, डेक्लनने उचलला. आता हा रनर मोहरीकडे पळणार. त्याला दुसरीकडे जागाच नाही. डेक्लन मला चेंडू टाकतो, मी मोहरीवर पाय ठेवतो. तो आऊट. तसाच गर्रकन वळून चेंडू हळदीकडे फेकतो. मारणारा तिथवर पोचायच्या आत. तोही आऊट. एका चेंडूत दोघं."

"मोठं हावरट काम आहे," ताई म्हणाली.

"आहे. पण त्यात एक गोम आहे. तो रनर तुमच्या अंगावर येत असतो. मुद्दाम घसरत, पायांत. आणि सेकंड बेसमनने त्याच्याकडे बघायचं नसतं. चेंडू बघायचा. रनरकडे बघितलं की गेलं."

"आणि बेसकडे?" मुक्ताने विचारलं.

"बेसकडे कधीच नाही. तो असतो. पायाला ठाऊक असतं कुठे आहे ते."

मग त्याने सगळं सांगितलं. कॉलेज संपल्यावर एका मोठ्या क्लबने घेतलं, पण खालच्या टीमला. लहान लहान गावं, रात्ररात्र बसचा प्रवास, पीनट बटरची जेवणं. शर्टावर सहस्रबुद्धे लिहायचं तर अक्षरं एका काखेतून दुसऱ्या काखेत जायची; माइकवरचा माणूस 'सलील एस' म्हणून सुटका करून घ्यायचा. पण हात चांगला होता. वळणं त्याहून चांगलं. एकेक पायरी वर चढत शेवटच्या पायरीच्या खाली येऊन पोचला. "एवढं," त्याने हळद आणि मोहरीमध्ये दोन बोटं ठेवली. आणि मग एका संध्याकाळी एक रनर घसरत आला. गुडघा गेला.

"गुडघा जोडला हो डॉक्टरांनी. छान जोडला. पण परत उभा राहिलो तर..." तो वाटीतल्या मोहऱ्यांकडे बघत होता. "डोळा जायला लागला. रनरकडे. क्षणभरच. पण त्या क्षणात चेंडू हातातून सुटतो. एक सीझन वाट बघितली त्यांनी. मग सोडून दिलं. मी नोकरी धरली, कंपनीने इथे पाठवलं. सगळं मागे टाकून पळालो. बॅट टाकतात तसं."

ताईने हळूच मोहरीची वाटी उचलली. "तुमचा सेकंड बेस फोडणीत घालते," ती म्हणाली. "थंड झालेल्या तेलाला नावं ठेवू नका नंतर."

तिघंही हसले. पण मुक्ता त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पळाले तर?"

"म्हणजे?"

"तुझ्या अंगावर. रोज. मी पळत येते, तू बघू नकोस."

'तू' कधी आलं, दोघांनाही कळलं नाही. ताईला कळलं.

*

जून गेला, जुलै गेला. तिथे उन्हाळ्यात उजेड मावळायलाच तयार नसतो. ऑफिसं सुटली तरी संध्याकाळ समोर अख्खी पसरलेली असते. मुक्ताच्या सुट्टीच्या दिवशी तिघं मैदानावर जमायचे. डेक्लन चेंडू टाकायला, सलील वळायला, आणि मुक्ता पळायला. तिच्या पायांना गुरुनाथकाकांचे क्रिकेटचे पॅड, डोक्यावर काकांचंच हेल्मेट. कुत्री फिरवायला आलेली माणसं थांबून बघायची.

"डोळा गेला," ती ओरडायची.

"नाही गेला."

"गेला. मी समोरून येते, मला दिसतं."

"तू आलीस की जरा... अवघड होतं."

"का? माझी भीती वाटते?"

"पॅड घालून तू पळतेस तशी कुणी पळताना मी पाहिलं नाहीये. बदकाला घाई झाल्यासारखी. बघावंसं वाटतं."

"बघायचं नाही," ती कडक आवाजात म्हणायची, आणि पाठ फिरवून पहिल्या बेसकडे जाताना हेल्मेटच्या आत हसायची.

कधी पाऊस यायचा. गवत, ओली माती, चामड्याच्या ग्लव्हचा वास. चेंडू ग्लव्हमध्ये शिरतानाचा तो एक गुबगुबीत 'थप्प' असा आवाज. शिफ्टमध्ये पांढऱ्या सूटच्या आत, यंत्रांच्या घरघरीत, तिला तो मध्येच ऐकू यायचा. घरी जाताना सलील तिचे पॅड काढायला खाली बसायचा. पट्टे ओले होऊन अडकायचे. तो मान खाली घालून पट्ट्याशी झटायचा, ती त्याच्या केसांतलं पाणी बघत उभी राहायची. पट्टे सुटायला जरा जास्तच वेळ लागायचा.

आणि हळूहळू डोळा जाईनासा झाला. म्हणजे, डेक्लन पळाला तर जात नसे. टीममधला कुणी आडदांड पोरगा घसरत आला तरी सलील चेंडूच बघायचा, पायाने बेस शोधायचा, वळायचा, फेकायचा. नाचातलं एखादं पाऊल असावं तसं ते वळणं. मुक्ता कडेला उभी राहून बघायची. सात सीझन लोक याला पैसे का देत होते, ते तेव्हा तिला समजलं.

पण ती पळाली की मात्र जायचा. अजूनही. दर वेळी.

*

ऑगस्टच्या अखेरीस तो धापा टाकत ताईच्या दारात आला. चेरीवूडहून बस बदलत बदलत आला होता, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणे.

"नेदरलँड्सचा एक क्लब आहे. प्रोफेशनल. त्यांना सेकंड बेसमन हवाय. डेक्लनने माझे व्हिडिओ पाठवले, मला न विचारता, गाढव. त्यांचा कोच पुढच्या शनिवारी आपला शेवटचा सामना बघायला येतोय." तो एका दमात बोलला आणि मग एकदम हळू झाला. "जमलं तर मार्चपासून. अख्खा सीझन. एकतीस उलटली, मुक्ता. पुन्हा कुणी विचारणार नाही."

"जमेल," मुक्ता म्हणाली. लगेच. विचारच न करता.

तो गेल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. धुतलेलीच कढई पुन्हा धुतली. ताईने तिच्या हातातून घासणी काढून घेतली.

"स्वतःच्या हाताने पाठवते आहेस त्याला."

"मग काय करू? पॅड घालून दारात बसू?"

"त्याला सांगितलंस का काही?"

"काय सांगायचं? त्याने तरी कुठे..."

"अगं, तो मुलगा तीन महिने तुझे पट्टे सोडतोय. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर माझ्या चपलेचा सुद्धा सोडला नाही."

मुक्ता हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आत्ता सांगितलं तर तो जायचा नाही, ताई. आणि नाही गेला, तर रोज मला बघून त्याला आठवेल की आपण का नाही गेलो. बाप्पा रे, ते नको मला."

ताईने नुसती कढई पुसली.

शुक्रवारी त्याचा फोन आला. "उद्या येशील ना?"

"नाही आले तर बरं," मुक्ता म्हणाली. हे तिने आठवडाभर घोळवलं होतं. "मी दिसले की तुझा डोळा जातो. कोचसमोर गेला तर?"

"तू आलीस तर जाईल कदाचित. पण तू नाही आलीस तर मी सगळा वेळ शोधत राहीन... ते जास्त वाईट."

"हे तुझं फार झालं."

"खचित," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्यात हसू नव्हतं.

*

शनिवारी सकाळपासून आभाळ खाली उतरलेलं. मुक्ता गेली, पण त्याला सांगितलं नाही. ती लाकडी बाकांवर बसलीच नाही; डेक्लनच्या व्हॅनमागे, काकांची पांढरी हॅट भुवयांपर्यंत ओढून, छत्री पुढे धरून उभी राहिली. गुरुनाथकाका आणि विशालसह निम्मं मंडळ मात्र बाकांवर हजर होतं, थर्मास आणि चकल्या घेऊन. "याला पहिल्यांदा आऊट आमच्या मुक्ताने दिलं," काका शेजारच्या आयरिश आजोबांना अभिमानाने सांगत होते. "ग्रँड," आजोबा म्हणाले आणि त्यांनी चकली घेतली.

नेदरलँड्सचा कोच एकटाच बसला होता. उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस. त्याचं चेंडू कुठे जातो इकडे लक्षच नव्हतं. तो फक्त सलीलकडे बघत होता. मुक्ताला वाटलं, आपण दोघंच हा सामना असा बघतोय.

बराच वेळ काही घडलं नाही. सलीलकडे साधे साधे चेंडू आले. त्याने ते उचलले, फेकले. पाऊस जरा दाटला. शेवटच्या डावात सलीलची टीम एका रनने पुढे होती आणि समोरच्यांचे दोन रनर बेसांवर उभे. एक तिसऱ्यावर. एक पहिल्यावर, हा भलाथोरला, रग्बी खेळणारा पोरगा. एकच आऊट झालेला, आणि तीन झाल्याशिवाय डाव संपत नाही. आता साधा एक आऊट मिळून भागणार नव्हतं. तिसऱ्यावरचा मारायच्या जागी, म्हणजे 'घरी', पोचला की बरोबरी. दोघं एकदम हवे होते.

टोला. चेंडू ओल्या गवतावरून सपसपत डेक्लनकडे गेला.

मुक्ताची छत्री कधी खाली आली, तिला कळलंच नाही. रग्बीवाला पोरगा सुटला, पाय पुढे टाकून घसरला, चिखलाची एक लाट उडवत थेट सलीलच्या गुडघ्यांच्या रोखाने आला. आणि त्याच्या बरोब्बर मागे, त्याच रेषेत, व्हॅनपाशी, मुक्ता उभी. छत्रीशिवाय. सलीलने मान जराशी वर केली असती तर दोघंही दिसले असते—त्याचा गुडघा मोडायला येणारा माणूस आणि ती.

बघू नकोस, ती मनात म्हणाली. माझ्याकडे सुद्धा नाही. बघू नकोस.

त्याने बघितलं नाही.

थप्प. पायाने बेस शोधला, सापडला. तो त्या घसरत्या पायांवरून हवेत उडाला, हवेतच वळला, आणि चेंडू पावसातून एक सरळ रेघ ओढत पहिल्या बेसकडे गेला. मारणाऱ्याच्या एक पाऊल आधी.

संपलं. काका बाकावर उभे राहिले, चकल्या सांडल्या. पांढऱ्या भुवयांचा कोच सावकाश उठला, कोटाची बटणं लावली आणि मैदानाकडे चालायला लागला. हात पुढे केलेला होता.

मुक्ताने छत्री उचलली. आता घरी जावं, असं तिला वाटलं. त्याचा दिवस आहे. तिने तीन पावलं टाकलीसुद्धा.

"अंपायर."

ती थांबली. तो बेसजवळच उभा होता, चिखलाने माखलेला, कोचच्या हातातला हात सोडवत. मग तो सगळ्यांमधून वाट काढत तिच्याकडे आला.

"बघितलं नाहीस तू," मुक्ता म्हणाली. "मी इथेच होते. समोर."

"ठाऊक होतं."

"कसं? मी लपले होते."

"काकांच्या हॅटमध्ये? पहिल्या डावापासून दिसतेयस. लपतेस पण पळतेस तशीच." मग त्याचं हसू विरलं. ग्लव्ह या हातातून त्या हातात. "मुक्ता, मला बघायची गरजच वाटली नाही. पहिल्यांदा. तू आहेस हे... बेस कसा असतो, तसं. पायाला ठाऊक असतं. इतके दिवस मी घाबरून बघत होतो. तू जाशील म्हणून. आज ती भीतीच नव्हती." तो थांबला. "मला बोलता येत नाही नीट. आजीने प्रेमाचे शब्द शिकवलेच नाहीत. आजोबांना ती फक्त 'अहो, ऐकलंत का' म्हणायची."

"मग तेवढंच म्हण."

"अहो," सलील म्हणाला. घसा साफ केला. "ऐकलंत का. मला तुम्ही आवडता. फार. आणि मला मार्चमध्ये जायचंय. आणि दोन्ही खरं आहे, आणि मी काय करू ते मला कळत नाहीये."

पाऊस दोघांच्या मध्ये थांबून राहिला होता. मुक्ताने हॅट काढली.

"ऐकलं," ती म्हणाली. "पहिलं म्हणजे, मलाही. मे महिन्यापासून, तू वीतभर मागे राहिलास तेव्हापासून. दुसरं म्हणजे, तू जायचंस. नाही गेलास तर मी परत आऊट देईन. आणि तिसरं..." तिने दम घेतला. "ते बेसबिस मला चालणार नाही. मी काही जमिनीत ठोकलेली उशी नाही, तू कधी पाय ठेवशील म्हणून वाट बघत पडून राहायला."

त्याचा चेहरा उतरला. "तसं नव्हतं म्हणायचं..."

"माहितीये. पण तू एक विसरलास." तिने त्याच्या खांद्यावरून बोट दाखवलं. "मागे बघ. आता बघायला हरकत नाही."

तो वळला. सामना संपला होता आणि डेक्लन नेहमीप्रमाणे मैदान आवरत होता. पार्कात रोज दुसरे खेळ चालायचे, त्यामुळे बेस कायमचे ठेवता येत नसत. त्याने मोहरीचा बेस—सेकंड बेस—जमिनीतून उपटला, त्याचा चिखल मांडीवर झटकला, काखेत मारला आणि शीळ घालत व्हॅनकडे निघाला.

"तो बघ," मुक्ता म्हणाली. "चालला गाडीत बसून. तीन दिवस माझी शिफ्ट, चार दिवस सुट्टी. विमान दीड तासाचं. बेस तिकडे येईल. रजा मिळेल तशी. काही आठवड्यांनी तू इकडे यायचंस. आणि सीझन संपला की मग बसू मसाल्याचा डबा घेऊन, बघू कुठली वाटी कुठे ठेवायची ते."

सलीलने तिच्या हातातली ओली हॅट घेतली आणि तिच्या डोक्यावर नीट ठेवली, या वेळी भुवयांच्या वर. डोळे दिसतील अशी. मग बघत राहिला. अगदी मोकळेपणी, जसं बघायची तीन महिने मनाई होती.

"ए सहस्रबुद्धे," बाकांवरून विशालने हाक मारली, "चकल्या संपतायत. आणि तुझी बॅट मैदानातच पडलीये, नेहमीसारखी. भिजतेय बघ."

सलील दोन पावलं गेला, थबकला, परत आला. आधी त्याने मुक्ताचा हात धरला. मग तिला घेऊनच पळत सुटला, ओल्या गवतावरून, बॅट उचलायला.